पोटातल्या बाळाचे मूत्रपिंड : घाबरू नका, विसरू नका

(संस्थेच्या वार्षिक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यकारिणीने मला आरोग्यावर बोलायला सांगितले तेव्हा मी प्रथम नाही म्हणालो. मी बँकेतला कारकून, पदवी कला शाखेची. आरोग्यावर डॉक्टरांनी बोलावे. पण एका आजाराने आमच्या घराला जे शिकवले ते तुमच्यापुढे ठेवणे मला कर्तव्य वाटते. त्यात माझीही एक चूक आहे, ती मी लपवणार नाही.

काही वर्षांपूर्वी माझ्या भाचीला पाचवा महिना होता. सोनोग्राफीत बाळाचे डावे मूत्रपिंड सुजलेले दिसले. कागदावर ‘हायड्रोनेफ्रोसिस’ असा लांबलचक शब्द होता. घरात रडारड सुरू झाली. सासरची एक वडीलधारी बाई म्हणाली, “ग्रहणात भाजी चिरली असेल हिने.” दुसरे कोणी म्हणाले, “वेळ आहे तोवर खाली करा.” भाची माझ्याकडे आली आणि एवढेच म्हणाली, “मामा, माझ्यामुळे झालं का हो हे?”

बंधू-भगिनींनो, या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. नाही. ग्रहणाने, नजरेने किंवा भाजी चिरल्याने बाळाच्या मूत्रपिंडात दोष होत नाही. बहुतेक वेळा गर्भाचे अवयव घडतानाच हा फरक पडलेला असतो. त्यात आईचा काही दोष नसतो.

आता हे मूत्रपिंड पोटात काय काम करते ते पाहू. आपल्या शरीरात ते रक्त स्वच्छ करते. गर्भाचे रक्त मात्र वारेमार्फत आईच्या शरीरात स्वच्छ होत असते. गर्भाचे मूत्रपिंड सुमारे दहाव्या आठवड्यापासून लघवी तयार करू लागते, आणि चौथ्या-पाचव्या महिन्यापासून बाळाभोवतीचे गर्भजल मुख्यतः या लघवीचेच असते. बाळ ते गिळते आणि पुन्हा लघवीवाटे बाहेर टाकते. या पाण्यावर बाळाच्या फुप्फुसांची वाढ अवलंबून असते. म्हणून दोन्ही मूत्रपिंडे निकामी असतील तर पाणी आटते, फुप्फुसे कोवळीच राहतात, आणि जन्मल्यावर पहिला प्रश्न लघवीचा नव्हे, श्वासाचा येतो. डॉक्टर मूत्रपिंडाइतकेच गर्भजलाकडे लक्ष देतात ते याच कारणाने.

हे सर्व पोटात डोकावून पाहण्याची सोय फार जुनी नाही. ग्लासगोच्या डॉ. इयन डोनाल्ड यांनी १९५८ साली ध्वनिलहरींच्या तपासणीवर आपला लेख प्रसिद्ध केला. आज अठरा ते वीस आठवड्यांच्या सोनोग्राफीत दोन्ही मूत्रपिंडे आहेत का, जागेवर आहेत का, मूत्राशय भरतो आणि रिकामा होतो का, पाणी पुरेसे आहे का, हे सर्व पाहतात. मूत्रपिंडातील लघवी साठण्याच्या पोकळीची रुंदी मिलिमीटरमध्ये मोजतात. अठ्ठावीस आठवड्यांपूर्वी ती ४ मि.मी.पेक्षा कमी आणि त्यानंतर ७ मि.मी.पेक्षा कमी असेल तर सर्वसाधारण समजतात.

शंभर गरोदरपणांत एक-दोन वेळा तरी अशी सूज दिसते. म्हणजे ही काही जगावेगळी गोष्ट नव्हे. त्यांतल्या बहुसंख्य बाळांची सौम्य सूज पोटातच किंवा जन्मानंतर आपोआप ओसरते. काहींच्या मूत्रपिंड आणि मूत्रवाहिनी यांच्या सांध्यावर अरुंदपणा असतो. काहींची लघवी मूत्राशयातून उलटी वर चढते. काहींचे एक मूत्रपिंड नुसत्या पाण्याच्या फुग्यांचे बनलेले असते. ते काम करत नाही, पण दुसरे चांगले असेल तर माणूस एकावर पूर्ण आयुष्य काढतो.

गंभीर प्रकार थोडे, पण ते ओळखलेच पाहिजेत. दोन्ही बाजूंना सूज, मूत्राशय फुगलेला व जाड, आणि पाणी कमी, ही तीन लक्षणे एकत्र दिसली तर खाली मूत्रमार्गातच अडथळा असण्याचा संभव असतो. मूत्रमार्गातील पडद्यांमुळे होणारा अडथळा मुलग्यांतच आढळतो. तरीही लिंग विचारू नका. १९९४ च्या कायद्याने ते सांगणेही गुन्हा आहे आणि विचारणेही. अशा वेळी प्रसूती कोठे करायची हे आधी ठरवावे. जेथे नवजात बालकांचा अतिदक्षता विभाग आणि मुलांचे शल्यचिकित्सक आहेत तेथेच ती व्हावी.

पोटातच उपचार होत नाहीत का, असे विद्यार्थी विचारतील. प्रयत्न झाले आहेत. १९८१ साली सॅन फ्रान्सिस्को येथे डॉ. मायकेल हॅरिसन यांनी अशा अडथळ्यासाठी गर्भावर उघडी शस्त्रक्रिया केली, पण ते बाळ वाचले नाही. पुढे गर्भाच्या मूत्राशयात बारीक नळी बसवून लघवी गर्भजलात सोडण्याची पद्धत आली. ब्रिटनच्या पुढाकाराने ३१ मातांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१३ साली आले. नळीमुळे बाळ जगण्याची शक्यता वाढल्यासारखी दिसली, पण ज्यांची मूत्रपिंडे नीट राहिली अशी मुले फारच थोडी निघाली. दोन्ही मूत्रपिंडे मुळातच नसलेल्या बाळांसाठी अमेरिकेत गर्भाशयात वारंवार पाणी भरून पाहिले. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात जिवंत जन्मलेल्या १७ पैकी १४ बाळे दोन आठवडे जगून डायलिसिसपर्यंत पोचली, पण रुग्णालयातून घरी गेली फक्त ६. विज्ञानाची ही धडपड थोर आहे. पण बहुतेक घरांसाठी खरा उपचार साधा आहे : पोटात असताना नजर ठेवणे आणि जन्मल्यावर तपासण्या पूर्ण करणे.

येथेच माझी चूक झाली. भाचीला मुलगी झाली. गुटगुटीत, हसरी. घरी सोडताना कार्डावर लिहून दिले होते : एका आठवड्याने सोनोग्राफी, पुन्हा सहा आठवड्यांनी. नामकरण झाले, पाहुणे आले-गेले, आणि ते कार्ड रेशनकार्डाच्या पिशवीत जाऊन पडले. भाचीने एकदा आठवण काढली तेव्हा मीच म्हणालो, “पोरगी छान आहे, कशाला तिला त्रास?” पाचव्या महिन्यात तिला सणकून ताप भरला. तीन दिवस सर्दीचे औषध झाले. चौथ्या दिवशी लघवी तपासली तेव्हा जंतुसंसर्ग सापडला. दवाखान्यात दाखल करावे लागले. पुढच्या तपासण्यांत सांध्यावरचा अरुंदपणा दिसला आणि शस्त्रक्रिया झाली. आज ती शाळेत जाते. पण त्या मूत्रपिंडाची जी शक्ती गेली ती गेलीच.

आम्हा बँकवाल्यांना ‘सस्पेन्स’ खाते ठाऊक असते. ज्या रकमेचा ठाव लागत नाही ती तात्पुरती तेथे टाकतात. तेवढ्यावरून कोणी अफरातफर झाली म्हणत नाही. पण ठरलेल्या मुदतीत ती नोंद मिटवावीच लागते. गर्भाच्या मूत्रपिंडाची सूज अशीच नोंद आहे. मी रोज लोकांच्या नोंदी मिटवतो, आणि घरची तेवढी राहून गेली.

म्हणून काही गोष्टी लिहून घ्या. सौम्य सूज असेल तर जन्मल्याबरोबर सोनोग्राफीची घाई नको. पहिल्या दोन दिवसांत बाळाला लघवी कमी होते आणि सूज खोटीच कमी दिसते. डॉक्टरांनी दिलेली तारीख पाळा. वर सांगितलेली गंभीर लक्षणे असतील तर मात्र थांबायचे नाही. पहिली सोनोग्राफी चांगली आली तरी दुसरी चुकवू नका. अशा बाळाला कारण न कळणारा ताप आला तर त्याच दिवशी लघवी तपासा आणि जुना कागद दाखवा.

गरोदर स्त्रीने आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक अशा वेदनाशामक गोळ्या मनाने घेऊ नयेत. विसाव्या आठवड्यानंतर त्यांनी गर्भाचे मूत्रपिंड मंदावून पाणी कमी होऊ शकते. एनालाप्रिल, रॅमिप्रिल, लोसार्टन यांसारखी रक्तदाबाची औषधे चालू असतील तर दिवस राहताच, शक्यतो आधीच, डॉक्टरांना सांगून बदलून घ्यावीत. मनाने बंदही करू नयेत. पैशाची अडचण असेल तर २०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी रुग्णालयांत गरोदर स्त्रियांची मोफत तपासणी होते, तिचा लाभ घ्यावा.

आणि गर्भपाताचा सल्ला शेजाऱ्यांनी देऊ नये. गर्भात खरोखर गंभीर व्यंग असेल तर २०२१ च्या सुधारित कायद्यानुसार चोवीस आठवड्यांनंतरही वैद्यकीय मंडळ निर्णय देऊ शकते. तो निर्णय त्या स्त्रीचा आणि तज्ज्ञांचा. एका सुजलेल्या मूत्रपिंडासाठी ती वेळ सहसा येतच नाही.

विद्यार्थी मित्रांनो, घरात इंग्रजी कागद आला की तो तुमच्याच हातात देतात. तो वाचा, न समजलेले डॉक्टरांना विचारा, आणि पुढची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरात लाल शाईने लिहा. माझ्या घरात ती कोणीतरी लिहायला हवी होती.