अकरावीचे विषय आणि आपले बळ
(ज्युबिलीनिमित्त भरलेल्या विद्यार्थी-पालक मेळाव्यातील भाषण)



ज्युबिलीत मंदिराच्या व पूर्वजांच्या गौरवाची भाषणे पुष्कळ झाली. मजकडे आलेला विषय रुक्ष आहे. दहावी उत्तीर्ण होऊन कनिष्ठ महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षात पाऊल टाकणाऱ्या मुलामुलींनी गणित व शास्त्र हे विषय कोणत्या मापाने निवडावेत? ह्या प्रश्नावरून घरोघरी होणारे रुसवे व अश्रू आम्हां धर्मगुरूंच्या कानी येतातच.

येशूसंघीयांनी १५९९ साली आपल्या शाळांसाठी 'रात्सिओ स्तुदिओरुम' नामक अभ्यासपद्धती ठरवून दिली. तीत व्याकरणाच्या तीन पायऱ्या व त्यांवर आणखी दोन वर्ग होते. नव्या मुलाची परीक्षा घेऊनच त्याचा वर्ग ठरे, आणि तोही अशा बेताने की, तो वरच्या वर्गास लायक भासला तरी चालेल, परंतु आपल्या वर्गास अपात्र भासू नये. ह्याच संघातील फादर क्लाविउस हे १५८२ च्या पंचांगसुधारणेमागील थोर गणिती. तेव्हा ही मंडळी गणितास भिणारी होती असे कोणी समजू नये!

आपल्याकडे अशी परीक्षा घेऊन कोणी वर्ग ठरवीत नाही. दहावीचे गुण पाहतात आणि प्रवेश देतात. परंतु गणितात नव्वद गुण मिळविणाऱ्या मुलास ती उदाहरणे उमगली होती की पाठ होती, हे गुणपत्रिका सांगत नाही. अकरावीत मात्र ते पहिल्या महिन्यातच कळते. २०१९ साली आलेले राज्य मंडळाचे अकरावीचे भौतिकशास्त्राचे पुस्तक पाहा. त्यात दुसऱ्याच प्रकरणी सदिश व कलनशास्त्राची तोंडओळख आहे. आणि गणिताच्या पुस्तकात विकलन येते ते दुसऱ्या भागाच्या शेवटी. अर्थात ज्याचे बीजगणित कच्चे, तो दोन्हीकडून अडतो.

म्हणून 'गणित सोडतो, जीवशास्त्र घेतो' असे म्हणणाऱ्याने नीट ध्यानात घ्यावे की, त्याने गणिताचा पेपर सोडला आहे, गणित नव्हे. आम्लता मोजण्याचे पीएच हे मापच लॉगरिथमवर उभे आहे. वैद्यकीच्या 'नीट' परीक्षेत ७२० पैकी ३६० गुण जीवशास्त्राचे असले तरी उरलेले निम्मे भौतिक व रसायन ह्यांचेच. उलट, राज्याच्या अभियांत्रिकी प्रवेशपरीक्षेत २०० पैकी १०० गुण एकट्या गणिताचे आहेत. तेव्हा थोरल्या भावास गणित जड गेले एवढ्यावरून धाकटीने ते टाकणे म्हणजे न पाहताच दार लावून घेणे होय. दोन्ही विषय घेण्याची मुभा आहे. पण 'दोन्ही असू द्या, पुढे पाहू' हे पालकांचे धोरण मुलाच्या झोपेतून वसूल होते. बुरूज बांधण्यापूर्वी खर्चाचा हिशेब करावा, असे प्रभूनेच सांगितले आहे.

आणखी एक गोष्ट. मराठी शाळेतून आलेली आपली मुले पहिल्या चाचणीत मागे पडली की 'शास्त्र झेपत नाही' असे घरचे लोक लगेच ठरवितात. वास्तविक त्या मुलीस त्वरण ठाऊक असते, 'ॲक्सिलरेशन' ठाऊक नसते. संवेग समजलेला असतो, 'मोमेंटम' ऐकून ती गोंधळते. हा भाषेचा अडथळा आहे, बुद्धीचा नव्हे. सुट्टीत शंभर-दोनशे शब्दांची वही केली तर तो बराचसा दूर होतो. असल्या मुलीस खाली उतरविणे अन्यायाचे आहे. ज्यास अवयव पाडता येत नाहीत, त्यास वर ढकलणेही तितकेच.

मग करावे काय? वर्गसमीकरणे, अवयव, त्रिकोणमितीची गुणोत्तरे व आलेख ह्यांवरील दहा-बारा न सोडविलेली उदाहरणे मुलाने मार्गदर्शिका बंद करून तासभर सोडवावीत. ती तपासावयास येत्या दोन्ही रविवारी दुसऱ्या मिस्सेनंतर आपल्या धर्मग्रामातील निवृत्त शिक्षक शाळेच्या सभागृहात बसणार आहेत. मुलांनी कागद घेऊन यावे. पालकांनी तूर्त बाहेर व्हरांड्यात थांबावे.