युद्धसराव आणि लोकांचा कौल



देशाच्या संरक्षणासाठी सैन्याने सराव करावा, याबद्दल समाजवादी कार्यकर्त्यांत दुमत असण्याचे कारण नाही. घराला कडी असावी, हे शांततावाद्यालाही मान्य असते. प्रश्न आहे तो असा की, सरावातून कोणते धोरण अंगवळणी पडते आणि ते धोरण ठरविले कोणी? या दृष्टीने स्वीडनचे उदाहरण अभ्यासण्याजोगे आहे.

कोणत्याही लष्करी गटात सामील न होण्याचे धोरण तेथील सोशल डेमॉक्रॅटिक पक्षाने पिढ्यान्‌पिढ्या जपले. भारतात राजदूत राहिलेल्या आल्वा मिर्डाल यांना निःशस्त्रीकरणाच्या कार्यासाठी १९८२ चे शांततेचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. १९८४ मध्ये अण्वस्त्रस्पर्धा थांबविण्याचे आवाहन करणाऱ्या सहा राष्ट्रांत ओलोफ पाल्मे यांचा स्वीडन भारताच्या बरोबरीने उभा होता. ही तटस्थता अगदी सोवळी होती असे नव्हे. बोफोर्सच्या तोफा याच देशाने विकल्या. परंतु तिच्या पाठीशी सक्तीच्या लष्करी सेवेतून उभे राहिलेले नागरिकांचे सैन्य होते.

शीतयुद्ध संपताच हे सैन्य आटत गेले. २०१० मध्ये शांतताकाळातील सक्तीची सेवा थांबविण्यात आली. २०१४ मध्ये रशियाने क्रिमिया गिळंकृत केल्यावर वारे फिरले. नाटोच्या फौजांना स्वीडनच्या भूमीवर साहाय्य देण्याचा करार २०१६ मध्ये तेथील संसदेने संमत केला. सप्टेंबर २०१७ मध्ये ‘ऑरोरा १७’ हा सराव झाला. त्यात १९,०००हून अधिक स्वीडिश लोक उतरले. अमेरिका, फ्रान्स, फिनलंड आणि इतर काही शेजारी देशांच्या तुकड्याही आल्या. गोटेन्बर्गजवळ अमेरिकेची पॅट्रियट क्षेपणास्त्रे उभी राहिली. त्याच महिन्यात रशिया व बेलारूस यांचा ‘झापाद’ सराव चालू होता. दोन्ही बाजूंनी आपापल्या सरावाला ‘संरक्षण’ हेच नाव दिले. स्वीडन तेव्हा नाटोचा सभासद नव्हता आणि सरकार सोशल डेमॉक्रॅट्सच्या नेतृत्वाखालीच होते.

नोव्हेंबर २०२१ मध्ये या पक्षाच्या अधिवेशनाने अलिप्ततेचे धोरण पुन्हा उचलून धरले. तीन महिन्यांनी रशियाने युक्रेनवर निर्घृण आक्रमण केले. स्वीडिश जनतेची भीती खरी होती. तिची टवाळी करण्याचा अधिकार कोणालाही नाही. पण १५ मे २०२२ रोजी पक्षाच्या कार्यकारिणीने, नवे अधिवेशन न बोलाविता, नाटोप्रवेशाला मान्यता दिली. पक्षाच्या महिला संघटनेने विरोध केला, तो बाजूला राहिला. युरोपीय संघात जाण्यासाठी १९९४ मध्ये आणि युरो चलनासाठी २००३ मध्ये याच देशाने सार्वमत घेतले होते. नाटोसाठी ते घेतले गेले नाही. २०२३ मध्ये ‘ऑरोरा २३’ मध्ये १४ देशांचे मिळून सुमारे २६,००० जण उतरले. ७ मार्च २०२४ रोजी स्वीडन नाटोचा सभासद झाला. अमेरिकेशी झालेल्या वेगळ्या कराराने १७ लष्करी ठिकाणे अमेरिकी सैन्याला खुली झाली.

सरावामुळे स्वीडन नाटोत गेला, असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. त्याला ढकलले ते रशियाच्या आक्रमणाने. तथापि संकटाचा दिवस उगवला तेव्हा एकच वाट चालून चालून मळलेली होती. परक्या फौजांचे येणे, राहणे, एकत्र लढण्याची पद्धत, सारे आधीच जुळून आले होते. दुसरी वाट शोधायला अधिवेशनाइतकीही उसंत मिळाली नाही.

कार्यकर्त्यांनी यातून घ्यावयाचा बोध सरळ आहे. भयाच्या दिवसांत वाद घालता येत नाही. म्हणून तो करार आणि सराव यांच्याच वेळी घातला पाहिजे. फौज कोणत्या कराराने आली, हुकूम कोणाचा चालतो, खर्च कोणाच्या माथी पडतो आणि संसदेत त्यावर किती तास चर्चा झाली, हे प्रश्न तोफा मैदानात उतरण्यापूर्वी विचारले गेले पाहिजेत. सरकार आपल्याच पक्षाचे असेल, तर ते अधिक आग्रहाने विचारले गेले पाहिजेत.