पडदे रंगवणाऱ्यांचा कॅमेरा



उद्योजकांच्या परिषदेत अध्यक्षानं सरकारकडे सवलती मागायच्या, अशी रीत आहे. वीजदराचं गाऱ्हाणं ठरावात आलंच आहे, तेव्हा ते मी सोडतो. मला बोलायचं आहे गिऱ्हाइकाबद्दल. आज आपला माल वापरणारा माणूस उद्या कारखाना काढू शकतो, हे आपण धरतच नाही.

निदान कोल्हापूरनं तरी हे विसरू नये. आनंदराव आणि बाबूराव मेस्त्री हे नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवणारे कलावंत. त्यावरूनच त्यांना पेंटर म्हणू लागले. 1913 साली फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ आला आणि या दोघांना सिनेमाचं वेड लागलं. मुंबईच्या जुन्या बाजारातून त्यांनी एक प्रोजेक्टर आणला आणि खेळ लावायला सुरुवात केली. इथवर ते दुसऱ्याचं यंत्र वापरणारेच होते.

पण प्रोजेक्टर चालवणाऱ्याच्या हाताला काय कळतं, बघा. फिल्मची पट्टी एक चौकट सरकते, क्षणभर थांबते, झडप उघडते, पुन्हा सरकते. कॅमेऱ्यातही तेच घडतं. फरक इतकाच की तिथे उजेड बाहेरून आत येतो. ल्युमिए बंधूंचं मूळ यंत्र तर दोन्ही कामं करायचं. अर्धा कॅमेरा खेळ लावता लावताच उलगडला असणार, असं मला वाटतं. आनंदराव 1916 मध्ये गेले. बाबूरावांनी आपले सहकारी दामले यांना हाताशी धरून 1918 मध्ये चालता कॅमेरा उभा केला. त्यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीला पैशाचा आधार दिला तो तानीबाई कागलकर या गायिकेनं. (कर्जासाठी तारण काय, हे विचारणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी.) 1920 मध्ये ‘सैरंध्री’ पडद्यावर आला.

बाबूरावांनी कॅमेऱ्यांचा कारखाना मात्र काढला नाही. त्यांना चित्रपट हवा होता, म्हणून कॅमेरा केला. नव्या धंद्यात शिरताना जुनं कसब त्यांनी बरोबर नेलं: पोस्टरं स्वतः रंगवली. आणि जिथे ते कसब अडचणीचं ठरलं तिथे सोडलंही. ज्यांची हयात पडदे रंगवण्यात गेली, त्यांनीच सिनेमात रंगवलेला पडदा काढून खरेखुरे सेट उभारले. मला हे धाडस कॅमेऱ्याहून मोठं वाटतं.

अमेरिकेत एरिक व्हॉन हिप्पेल यांनी 1976 मध्ये शास्त्रीय उपकरणांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात आढळलं, की महत्त्वाच्या बहुतेक सुधारणा उपकरणं वापरणाऱ्या शास्त्रज्ञांनीच आधी करून पाहिल्या होत्या. कारखानदार मागून आले.

याला दुसरी बाजूही आहे. दामले, फत्तेलाल, शांताराम, धायबर हे बाबूरावांच्या कंपनीतच तयार झाले आणि 1929 मध्ये बाहेर पडून त्यांनी प्रभात फिल्म कंपनी काढली. शिकलेला माणूस कायम आपल्याच छपराखाली राहील, हा हिशेब मालकांनी धरू नये.

आता आपल्या अंगणातलं. चरकाचा लाट बदलून घेणारा, चुलवाणाचं तोंड आपल्या अकलेनं लहान करणारा गुऱ्हाळवाला कोल्हापूरच्या उद्यमनगरात येतो, तेव्हा आपण त्याला कोटेशन देतो आणि वाटेला लावतो. उद्याच्या दुपारच्या सत्रात असे काही गुऱ्हाळवाले आणि गुळवे बोलणार आहेत. कार्यक्रमपत्रिकेत त्यांना शेवटची वीस मिनिटं आहेत. अध्यक्षाच्या अधिकारात मी त्यांना पहिला तास देतो. यंत्रविक्रेत्यांची भाषणं त्यानंतर होतील.