गोळी कोणाच्या हाताने, कोणाच्या खर्चाने?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



अमेरिकेतील वृद्धांच्या शुश्रूषागृहांत औषधे कोणी द्यावीत आणि त्या कामाचे प्रमाणपत्र मिळवण्याचा खर्च कोणी सोसावा, हा आजचा विषय आहे. समाजवादी कार्यकर्त्यांनी इतक्या दूरच्या प्रश्नात का शिरावे, असे कोणाच्या मनात आले असेल. श्रम, कौशल्य आणि नफा यांचे परस्परसंबंध इतक्या उघडपणे दाखवणारी उदाहरणे थोडी असतात, म्हणून हा विषय मी निवडला.

प्रथम शब्दाचा घोळ दूर करू. आपल्याकडे नर्सिंग होम म्हणजे छोटे खासगी रुग्णालय. मुंबई राज्याच्या १९४९ च्या कायद्यापासून तोच अर्थ रूढ आहे. अमेरिकेत मात्र नर्सिंग होम म्हणजे वृद्ध आणि पंगू माणसांचा दीर्घकाळचा, पुष्कळदा अखेरचा निवारा. अशी सुमारे १५,००० गृहे तेथे आहेत आणि त्यांत सुमारे १२ लाख माणसे राहतात. यांतील जवळजवळ ७० टक्के गृहे नफ्यासाठी चालतात. परंतु निम्म्याहून अधिक रहिवाशांचा खर्च १९६५ साली सुरू झालेल्या ‘मेडिकेड’ या सार्वजनिक योजनेतून भागतो. पैसा जनतेचा आणि नफा मालकाचा, ही या व्यवसायाची मूळ घडण आहे.

या गृहांत शुश्रूषा करणाऱ्यांच्या तीन पायऱ्या आहेत. वर नोंदणीकृत परिचारिका, मध्ये कमी मुदतीचे शिक्षण घेतलेली परवानाधारक परिचारिका आणि तळाशी साहाय्यक. २०२४ सालच्या सरकारी आकडेवारीनुसार त्यांची मध्यम वार्षिक कमाई अनुक्रमे सुमारे ९३ हजार, ६२ हजार आणि ३९ हजार डॉलर होती. अंग पुसणे, कूस बदलणे, घास भरवणे, मलमूत्र काढणे ही कामे तळच्या पायरीची. औषध देणे हे परंपरेने वरच्या दोन पायऱ्यांचे काम. अनेक राज्यांनी कायदा करून ते, काही मर्यादा घालून, प्रमाणपत्रधारक साहाय्यकांकडे सोपवले आहे. केंद्राचा नियम एवढाच सांगतो की, राज्याचा कायदा परवानगी देत असेल तर परवाना नसलेल्या कर्मचाऱ्याने परिचारिकेच्या सर्वसाधारण देखरेखीखाली औषध द्यावे. शिक्षण किती, हे राज्याने ठरवायचे. परिणामी उत्तर कॅरोलिनात २४ तासांचा अभ्यासक्रम पुरतो, तर टेक्सासमध्ये १४० तासांचा लागतो. गोळी तीच, आजार तोच. राज्याची सीमा ओलांडली की शिक्षणाचे माप बदलते.

आता खर्चाकडे वळू. १९८७ साली अमेरिकेच्या काँग्रेसने शुश्रूषागृहांच्या सुधारणेचा कायदा केला. साहाय्यकाला किमान ७५ तासांचे शिक्षण मिळालेच पाहिजे, असे त्याने ठरवले. आणि नोकरीत असलेल्या किंवा नोकरीचे आश्वासन मिळालेल्या साहाय्यकाकडून त्या शिक्षणाचे शुल्क, अगदी पुस्तकांचे पैसेसुद्धा, घेता येणार नाहीत, असे त्या कायद्याखालील नियमांनी स्पष्ट केले. कामगाराच्या दृष्टीने हे मोलाचे तत्त्व होते. परंतु त्याची मर्यादा पहिल्या पायरीपाशीच संपते. औषध देण्याच्या पुढील प्रमाणपत्राला केंद्राचे हे संरक्षण नाही. काही मालक हा खर्च उचलतात. जेथे उचलत नाहीत तेथे शुल्क, परीक्षा आणि बुडालेली मजुरी या सर्वांचा भार साहाय्यकावर पडतो. आणि हा साहाय्यक बहुधा स्त्री असतो.

थोडा हिशेब मांडू. वर्षाला ३९ हजार म्हणजे तासाला सुमारे १९ डॉलर. १४० तासांची मजुरी झाली सुमारे २,६६० डॉलर, म्हणजे पूर्णवेळ कामाचा साडेतीन आठवड्यांचा पगार. हातावर पोट असलेल्या बाईला ही रक्कम लहान नव्हे. आता मालकाची बाजू पाहा. परवानाधारक परिचारिकेच्या जागी साहाय्यक नेमली, तर वेतनातील फरक वर्षाला सुमारे २३ हजार डॉलर. प्रमाणपत्राबद्दल तासाला एक डॉलर वाढवून दिला असे धरले, तरी सुमारे २१ हजार उरतात. त्या हिशेबाने शिक्षणकाळातील मजुरी सात आठवड्यांत वसूल होते. त्यात शिक्षकाचा आणि परीक्षेचा खर्च मिळवला तरी ही भांडवल-गुंतवणूक काही महिन्यांतच फिटावी. सर्व परिचारिका हटवता येत नाहीत, देखरेख लागतेच, हे मान्य करूनही निष्कर्ष बदलत नाही. प्रमाणपत्र महाग नाही. खर्च एकाचा आणि बचत दुसऱ्याची, हे त्यातील दुखणे आहे.

प्रस्थापित अर्थशास्त्र याचे समर्थन करते. गॅरी बेकर यांनी १९६४ सालच्या आपल्या ग्रंथात असे मांडले की, कोठेही उपयोगी पडणाऱ्या कौशल्याचा खर्च कामगारानेच सोसावा, कारण वाढलेल्या वेतनातून त्याचे फळ त्यालाच मिळते. मात्र त्यासाठी कामगारांच्या मागे धावणारे अनेक मालक असावे लागतात. ज्या गावात एक-दोनच शुश्रूषागृहे आहेत, तेथे ही स्पर्धा कोठून येणार? कामगारांचा खरेदीदार एकटा असला की वेतन कसे दबते, हे जोन रॉबिन्सन यांनी १९३३ सालीच दाखवले होते. त्यातून ज्या प्रमाणपत्राचे माप राज्याराज्यांत वेगळे, ते ‘कोठेही उपयोगी’ म्हणावे तरी कसे?

याहून खोल असा एक खर्च आहे; तो जमाखर्चात दिसतच नाही. साहाय्यक औषधांची गाडी ढकलू लागली की तिचे हात खाटेपासून दूर जातात. तिच्या जागी दुसरी नेमली नाही, तर अंघोळ लांबते, घंटा वाजत राहते, पाठीला जखमा होतात. परंतु मनुष्यबळाच्या केंद्रीय मोजणीत औषध-साहाय्यकाचे तास हे साहाय्यकांच्या तासांतच धरले जातात. कागदावरचा आकडा तसाच राहतो. कमी होते ती प्रत्यक्ष शुश्रूषा. हा खर्च आजारी म्हातारा आपल्या देहाने भरतो.

मालकांचे म्हणणे असे की, मेडिकेडचे दर अपुरे आहेत आणि परिचारिका मिळत नाहीत. या म्हणण्यात तथ्याचा अंश असेल. पण मग वाचलेला पैसा खाटेपाशी किती गेला, याचा हिशेब जनतेला मिळाला पाहिजे. दुसरा आक्षेप परिचारिकांच्या बाजूने येतो : हे काम खालच्या पायरीला देणे म्हणजे रुग्णाशी खेळणे होय. मला हा आक्षेप सरसकट मान्य नाही. नीट शिकलेली, रोज त्याच माणसांना सांभाळणारी साहाय्यक गोळी जबाबदारीने देऊ शकते. कनिष्ठ श्रमिकाला ज्ञानाचा अधिकार नाकारणे हे आपले तत्त्व नव्हे. मात्र ‘नीट शिकलेली’ या शब्दांवर सर्व भर आहे. केंद्राचा नियम औषधांतील चुका ५ टक्क्यांच्या आत ठेवण्यास सांगतो. गणितापुरते शंभर माणसांना रोज दहा-दहा औषधे धरा. ४ टक्के म्हणजे दिवसाला चाळीस चुका झाल्या! गंभीर चूक तर एकही होता कामा नये, असे तोच नियम म्हणतो. अशा कामाचे शिक्षण पोटाला चिमटा काढून, रात्रपाळीनंतर, उसनवारीने घ्यावे लागू नये.

म्हणून मागण्या चार हव्यात. प्रमाणपत्राचा सर्व खर्च मालकाने किंवा सार्वजनिक निधीने सोसावा आणि शिक्षणाचे तास कामाचे तास मानावेत. प्रमाणपत्रासोबत वेतनवाढ कायद्याने बांधलेली असावी. शिक्षणाचे किमान माप देशभर एक असावे. आणि औषध देण्याचे तास खाटेजवळच्या शुश्रूषेच्या तासांत मोजू नयेत. हे सहज घडणार नाही. २०२४ साली केंद्राने प्रत्येक रहिवाशामागे दररोज किमान ३.४८ तासांच्या शुश्रूषेचा नियम केला. एप्रिल २०२५ मध्ये टेक्सासमधील संघीय न्यायालयाने तो रद्दबातल ठरवला आणि जुलैमध्ये काँग्रेसने त्याची अंमलबजावणी २०३४ पर्यंत रोखली. संघटित मालकवर्गापुढे असंघटित म्हातारपण किती दुबळे असते, याचा हा ताजा पुरावा आहे.

आपल्या शहरांतही ब्यूरोकडून आलेली मावशी आज घरोघरी आजोबांना गोळ्या देते. तिला शिक्षण द्यावे, अशी मागणी उद्या होईल आणि ती रास्तच असेल. त्या दिवशी आपल्या कार्यकर्त्यांनी पहिला प्रश्न विचारावा : या शिक्षणाचा खर्च कोण देणार, आणि त्यातून निर्माण होणारी किंमत कोणाच्या पदरात पडणार? या प्रश्नाचे उत्तर लेखी मिळाल्यावाचून ‘कौशल्यविकास’ या गोंडस शब्दावर आपण सही करू नये.