सेवेचा वार



मठाच्या या महोत्सवात दोन शब्द बोलावे अशी आज्ञा झाली, तेव्हा प्रथम मनात संकोचच उत्पन्न झाला. मी शास्त्री नव्हे, कीर्तनकारही नव्हे. आयुष्याची ऐन उमेदीची वर्षे इंग्लंडातील कारखान्यांत, यंत्रांच्या संगतीत गेली. तथापि नित्याचे औदार्य आणि स्वयंसेवा या विषयावर बोलण्याचा एक अधिकार मजपाशी निश्चित आहे. मी दुसऱ्यांच्या अन्नावर वाढलेला मनुष्य आहे.

१९५४ साली खानापूर तालुक्यातील एका खेड्यातून मी बेळगावास शिकावयास आलो. वडील नव्हते, आणि खानावळीचे पैसे देण्याची आईची ऐपत नव्हती. तेव्हा गरीब विद्यार्थ्यास 'वार' लावून जेवण्याची रीत होती. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या, असे आठवड्याचे सात दिवस सात घरांत वाटून दिलेले असत. आज ऐकणाऱ्यास ही भिक्षा वाटेल. पण ती भिक्षा नव्हती. भिक्षेकऱ्यास रोज नव्याने हात पसरावा लागतो. वाराच्या मुलाचा त्या दिवशी त्या घरातील पाट ठरलेला असे.

माझा मंगळवार शहापुरात एका कानडी घरी होता. घरातील माउली दारातच विचारीत, "ऊटा आतेन, तम्मा?" जेवलास का, बाळा? मी जेवलेलो नाही हे त्यांस पक्के ठाऊक असे. पण त्या प्रश्नामुळे मी याचक न राहता घरचा होई. जेवण झाले की त्या मला हमखास काही काम सांगत. कधी विहिरीवरून दोन घागरी पाणी, कधी धाकट्याचे गणित, कधी पुण्याहून आलेले मराठी पत्र वाचून दाखविणे. त्या वेळी मला वाटे, बाई हिशेबी आहेत. पुष्कळ वर्षांनी उमगले, की मला ताठ मानेने जेवता यावे म्हणून त्या माझ्याकडूनही काही घेत होत्या.

आता जे सांगावयाचे ते सांगणे कठीण आहे. परंतु उत्सवात गोडच तेवढे बोलावे असा नियम नसावा.

माझ्या शेजारच्या बाकावर एक मुलगा बसे. गणितात तो माझ्याहून सरस. तो दोन कोसांवरून चालत येई. ज्या दिवशी घरून भाकरी मिळाली नसेल, त्या दिवशी मधल्या सुट्टीत नळावर पाणी पिऊन परत वर्गात येई. मला सात वार होते, त्याला एकही नव्हता. कारण वार देणारी घरे मुलाची बुद्धी किंवा भूक पाहण्यापूर्वी त्याची जात पाहत, आणि त्याची जात त्या ओट्यांवर चढू शकत नव्हती.

एका मंगळवारी मी हे त्या माउलीस सांगितले. त्या बराच वेळ गप्प राहिल्या. घरातील आचार मोडण्याची शक्ती त्यांच्यात नव्हती. पण पुढल्या मंगळवारी निघताना त्यांनी माझ्या हाती फडक्यात बांधलेल्या दोन भाकऱ्या दिल्या आणि म्हणाल्या, "त्या पोराला दे." पुढे दर मंगळवारी दोन भाकऱ्या ठरल्या. चार भिंतींच्या आत राहून एका स्त्रीला जितके पुढे येता आले, तितक्या त्या आल्या.

मी मात्र मागे राहिलो. दुसऱ्या मुलांदेखत त्याच्या हाती भाकरी ठेवण्याची मला लाज वाटली. कधी मी ती दिली, कधी दिली नाही. न दिलेल्या भाकऱ्या रात्री मीच खाल्ल्या. दिवाळीच्या सुट्टीनंतर तो शाळेत परत आला नाही. त्याचे पुढे काय झाले हे मला कधीच कळले नाही.

ज्या काळाची ही गोष्ट आहे, त्याच्या कितीतरी आधी या प्रश्नाचे उत्तर सातारच्या बाजूस सापडलेले होते. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापिली आणि १९२४ साली साताऱ्यास सर्व जातींच्या मुलांसाठी वसतिगृह काढले. तेथे सर्वांची एकच चूल आणि एकच पंगत असे. मुलांच्या पोटास कमी पडू लागले, तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी अंगावरील दागिने, अखेर मंगळसूत्रही, काढून दिले. वार देणाऱ्या घरांत अन्न होतेच. उणीव होती ती दाराच्या रुंदीची. ती उणीव त्या वसतिगृहाने भरून काढली.

पुढे १९६६ साली मी विलायतेस गेलो. नोकरीतून निवृत्त झाल्यावर तेथे वृद्धांच्या घरी जेवण पोचविण्याचे काम मी काही वर्षे केले. तेथे या कामास 'मील्स ऑन व्हील्स' म्हणतात. १९३८ साली लेडी रीडिंग यांनी उभारलेल्या स्त्रियांच्या स्वयंसेवी संघटनेने महायुद्धाच्या धामधुमीत त्याचा पाया घातला. माझ्या वाट्यास मंगळवार आला, तेव्हा मला हसू आले आणि डोळ्यांत पाणीही आले. आता मी दाराच्या दुसऱ्या बाजूस उभा होतो.

ज्या वृद्ध बाईंनी मला काम शिकविले, त्यांनी तीनच गोष्टी सांगितल्या. वेळ चुकवू नये, कारण तो मनुष्य घड्याळाकडे डोळे लावून बसलेला असतो. कालचे ताट रिकामे आहे की तसेच पडले आहे ते पाहावे, कारण आजाराची पहिली खबर ताटच देते. आणि दोन मिनिटे बसावे, कारण त्या घरी दिवसभरात दुसरे कोणी येणार नसते.

माझ्या यादीत एक गृहस्थ होते. ते फार मानी. पहिले दोन आठवडे ते माझ्याशी एक शब्दही बोलले नाहीत. एके दिवशी माझे मनगटी घड्याळ बंद पडलेले त्यांनी पाहिले आणि हात पुढे केला. पूर्वी ते घड्याळे दुरुस्त करीत असत. पुढल्या मंगळवारी घड्याळ चालू स्थितीत मला परत मिळाले, आणि तेव्हापासून ते माझ्यासमोर बसून जेवू लागले. मी पैसे देऊ केले असते तर सगळेच बिघडले असते. शहापूरच्या माउलीने पाण्याच्या दोन घागरींतून शिकविलेला धडा मला विलायतेत एका घड्याळाने पुन्हा समजावून दिला.

बंधूंनो, दान मोठे असावे लागत नाही. ते ठरल्या दिवशी यावे, घेणाऱ्याची मान वाकवू नये, आणि त्याने दारात नावगाव विचारू नये. या तिसऱ्या कसोटीस पूर्ण उतरणारे एक दान आज आपल्या सर्वांच्या आवाक्यात आहे, ते म्हणजे रक्तदान. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निकालान्वये १ जानेवारी १९९८ पासून आपल्या देशात पैसे घेऊन रक्त देण्यास बंदी झाली. रक्त देणाऱ्यास घेणारा कोण हे ठाऊक नसते, आणि घेणारा देणाऱ्याचा गट विचारतो, गोत्र विचारीत नाही.

माझी विनंती लहान आहे. आजही खेड्यापाड्यांतून रुग्णांना घेऊन आलेले नातेवाईक इस्पितळाच्या पायऱ्यांवर कोरडी भाकरी खाऊन रात्र काढतात. गल्लोगल्ली मुले परदेशी असलेले वृद्ध एकटे जेवतात. परगावची मुले तुटपुंज्या पैशांत भाड्याच्या खोल्यांतून शिकतात. येथे जमलेल्या प्रत्येक कुटुंबाने आठवड्यातील एक वार त्यांपैकी कोणासाठी तरी राखून ठेवावा. मठाने त्याची एक वही ठेवावी. त्या वहीत वार, वेळ आणि घराचा पत्ता असे तीनच रकाने असावेत. चौथा रकाना कधीही आखू नये.

पहिल्या पानावर मंगळवारासमोर माझे नाव लिहावे. दोन भाकऱ्यांचे माझे देणे अजून फिटलेले नाही. ज्याला ते द्यावयाचे तो मला आता भेटणार नाही. म्हणून जो दारी येईल त्याला दिले पाहिजे.