वैफल्याला आळस म्हणू नका

विष्णुपुरीला 1981 मध्ये अभियांत्रिकी महाविद्यालय निघाले. 1994 मध्ये नांदेडला स्वामी रामानंद तीर्थांच्या नावाचे विद्यापीठ झाले. कोरडवाहू शेतकऱ्याचे पोर शिक्षणाच्या दाराशी पोहोचले. दाराच्या आत त्याचे काय होते, याची विचारपूस क्वचितच होते.

गावच्या शाळेत पहिला येणारा मुलगा इंग्रजी व्याख्यानापुढे प्रथमच गप्प बसतो. पहिल्याच परीक्षेत विषय राहतो. मग तो तास चुकवतो, मेसमध्ये सर्वांत शेवटी जेवतो, क्षुल्लक कारणावरून खोलीतल्या सोबत्यावर खेकसतो आणि दिवाळीला ‘अभ्यास आहे’ असे कळवून घरी जाणे टाळतो. प्राध्यापक यास आळस म्हणतात, वडील माज म्हणतात, तो स्वतः ‘कटाळा’ म्हणतो. वस्तुतः हे वैफल्य आहे.

ते सावरणे शिकवता येते: राग कशाचा आला ते लिहून काढणे, राहिलेल्या विषयाचे लहान भाग पाडणे, झोप न मोडणे, एकाशी तरी बोलणे. (श्वासाचे व्यायामही असोत, पण शिष्यवृत्ती थकली असता त्यांचा उपयोग बेताचाच.) 1974 मध्ये मराठवाड्याच्या विद्यार्थ्यांनी आपला असंतोष विकासाच्या मागणीत ओतला, वसमतच्या गोळीबारात दोन विद्यार्थी बळी पडले. आज तो असंतोष एकेकट्याच्या खोलीत कोंडला आहे. म्हणून निकालाच्या संध्याकाळीच नापास झालेल्याच्या खोलीवर कोणीतरी जावे. 2022 पासून ‘टेलि-मानस’चा 14416 हा विनामूल्य क्रमांक आहे, तो वसतिगृहाच्या फळ्यावर लिहिण्यास शासननिर्णयाची वाट पाहावी लागत नाही.