डोक्यासकट, काट्यासकट

दीक्षान्त समारंभात मोठमोठ्या गोष्टी बोलायचा प्रघात आहे. आजचा विषय मात्र बोटभर लांबीच्या माशांचा आहे.

बांगलादेशात मत्स्यशेतीचा प्रसार सुरू झाला तेव्हा शेतकऱ्याला मिळणारा एक ठरलेला सल्ला असा होता : तळ्यात रोहू-कटल्याची बोटुकली सोडायची तर आधी रोटेनॉन हे विष घालून आतले बारीकसारीक मासे मारून टाका. ते मोठ्या माशांच्या तोंडचे खाद्य पळवतात, बाजारात त्यांना भाव नाही, तेव्हा ते तणच. या ‘तणात’ मोला नावाचा एक चंदेरी मासा होता. खेड्यातल्या बायका सांगत की असे बारीक मासे खाल्ले की डोळे चांगले राहतात, अंगात ताकद येते. तज्ज्ञांनी ते फारसे मनावर घेतले नाही.

एका बाईंनी घेतले. शकुंतला हरकसिंग थिलस्टेड त्रिनिदादमध्ये जन्मल्या. पूर्वज मळ्यांवर मजुरीसाठी गेलेले भारतीय, पुढचे शिक्षण आणि संशोधन कोपनहेगनमध्ये. बांगलादेशात कुपोषित मुलांमध्ये काम करताना त्यांनी या बायकांचे म्हणणे प्रयोगशाळेत नेले. शंभर ग्रॅम मोलामध्ये अडीच हजार मायक्रोग्रॅमहून जास्त ‘अ’ जीवनसत्त्व निघाले. शिवाय लोह, जस्त, कॅल्शियम आणि बी-१२. यातले बरेचसे ‘अ’ जीवनसत्त्व माशाच्या डोळ्यांत आणि आतड्यांत असते. म्हणजे मासा डोक्यासकट खाल्ला तरच हाती लागणार. निवडताना मुंडके उडवले की ते कचऱ्यात गेले. काट्यांचेही तसेच. मऊ काट्यांतले कॅल्शियम दुधातल्या कॅल्शियमइतकेच चांगले अंगी लागते, हे १९९०च्या दशकात कोपनहेगनमध्ये माणसांवर झालेल्या चाचणीने दाखवले.

पुढचे पाऊल सोपे होते : विष घालू नका, एकाच तळ्यात मोला आणि कटला-रोहू एकत्र वाढवा. मोला तळ्यातच अंडी घालतो, त्याचे बीज दर वर्षी विकत आणावे लागत नाही. मोठ्या माशांचे उत्पादनही घटले नाही. मोठा मासा विकायला, बारीक मासा घरी खायला, अशी वाटणी आपोआप पडली. या कामासाठी थिलस्टेड यांना २०२१चे जागतिक अन्न पारितोषिक मिळाले.

या वाटणीचा आणखी एक पदर आहे आणि पोषणशास्त्राच्या पुस्तकापेक्षा तो आपल्या माजघरात जास्त कळतो. मोठ्या माशाच्या तुकड्या पडतात. चांगली तुकडी पाहुण्याला, मग कर्त्या पुरुषाला, मग मुलग्याला. पातेल्याच्या तळाशी जे उरते ते तिचे, जी सर्वांत शेवटी जेवते. बारीक माशांचे कालवण पळीने वाढतात. पळीत येईल ते ज्याच्या त्याच्या ताटात. शेवटच्या पळीतही मासाच असतो.

इथे एक गोष्ट दडवून चालणार नाही, कारण तुमच्यातले बरेच जण विज्ञानाचे विद्यार्थी आहेत. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत बांगलादेशातल्या मुलांना मोला घातलेले जेवण देऊन पाहिले, तेव्हा त्यांच्या रक्तातले ‘अ’ जीवनसत्त्व अपेक्षेप्रमाणे वाढले नाही. मोलामधले बहुतांश ‘अ’ जीवनसत्त्व वेगळ्या रासायनिक रूपात असते आणि शरीराला त्याचा उपयोग कमी होतो, असे एक स्पष्टीकरण पुढे आले. बारीक मासा म्हणजे गोळी नव्हे, ते अन्न आहे. त्याचे कौतुक करणाऱ्यांनी ही चाचणी वगळून बोलू नये. चांगली गोष्ट ही की हे निष्कर्ष थिलस्टेड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीच छापले.

आता आपल्याकडे. २०१९ ते २०२१ या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रिया रक्तक्षयी आहेत. पाच वर्षांखालच्या मुलांत हे प्रमाण जवळपास ६९ टक्के आहे आणि ३५ टक्के मुलांची उंची वयाच्या मानाने खुंटलेली आहे. हे आकडे राज्याचे आहेत. आपला कोल्हापूर दुधाचा, साखरेचा, गुळाचा जिल्हा म्हणून त्यांतून सहीसलामत सुटतो, असे मानायचे कारण नाही. ऊस तोडायला येणाऱ्या टोळ्यांतली मुले, चंदगड-आजऱ्याच्या डोंगरातल्या वाड्या, इचलकरंजीतल्या यंत्रमाग कामगारांच्या चाळी हाही कोल्हापूर जिल्हाच आहे. तांबडा-पांढरा रस्सा त्यांच्या ताटात सणावारी येतो.

त्यांच्या ताटात येते ती सुकट. फोंडा, गगनबावडा, आंबोली या घाटांनी कोकणातून वर आलेला जवळा, सुके बोंबील, करदी. जवळा शास्त्राच्या हिशेबाने मासा नव्हे, कोळंबीच्या जातकुळीतला जीव आहे. पण तव्यावर त्याने काही बिघडत नाही. सुक्या बोंबलाचे निम्म्याहून अधिक वजन प्रथिनांचे असते आणि त्यातले कॅल्शियम दुधाच्या कित्येक पट. भाकरीबरोबर खाण्यात तर दुहेरी फायदा आहे. ज्वारी-नाचणीतले लोह धान्यातल्याच फायटेटमुळे अडकून पडते. सोबतीला थोडा मासा किंवा मटण असले की तेच लोह शरीर जास्त प्रमाणात शोषून घेते. कांद्यावर परतलेली मूठभर सुकट अख्ख्या भाकरीचे मोल वाढवते.

आणि तरी सुकट ही सांगायची गोष्ट नव्हे, लपवायची. तिचा वास येतो. भाड्याच्या खोलीत ती भाजली की शेजारी खिडक्या लावून घेतात, घरमालक बोलतो. दोन पैसे हाती आले की घरातून पहिली हद्दपार होते ती सुकट, आणि मग पोरांच्या हातात बिस्किटाचा पुडा येतो. भाकरी-सुकट सोडून चहा-बिस्किटावर येण्याला आपल्याकडे प्रगती म्हणतात.

सरकारी कागदांत हा मासा कुठेच बसत नाही. मत्स्यव्यवसाय विभाग टन मोजतो, महिला व बालविकास विभाग गोळ्या आणि पाकिटे. अमृत आहार योजनेत आदिवासी भागातल्या मुलांना अंडी किंवा केळी मिळतात, ते चांगलेच आहे. शाळेत आठवड्याला एक अंडे देण्याचा निर्णय २०२३च्या नोव्हेंबरात झाला आणि २०२५च्या जानेवारीत त्याचा सरकारी निधी थांबला. साध्या अंड्याची ही कथा, तिथे सुकटीचे नाव कोण काढणार? ओडिशाने काढले. मयूरभंज जिल्ह्यातल्या अंगणवाड्यांत सुक्या बारीक माशांची पूड मुलांच्या जेवणात घालून पाहिली गेली. गावतळी महिला बचत गटांना देऊन त्यांत कटला-रोहूबरोबर मोला वाढवायचे प्रयोगही तिथे झाले.

आपल्या किनाऱ्यावरून मात्र बारीक माशाची वाट उलटी जाते. रत्नागिरीपासून मंगळूरपर्यंत तारलीसारखा मासा ट्रकने भुकटीच्या कारखान्यात जातो आणि कोंबड्यांच्या, कोळंबीच्या खाद्यात मिसळतो. गरिबाचा मासा श्रीमंताच्या ताटापर्यंत कोळंबी होऊन पोचतो.

मराठी मुलखातच एक वेगळे उदाहरण आहे. भंडारा-गोंदिया भागात गोंड राजांच्या काळात कोहळी समाजाने बांधलेले हजारो तलाव आहेत. माजी मालगुजारी, म्हणजे पूर्वीच्या जमीनदारांच्या ताब्यातले, म्हणून लोक त्यांना मामा तलाव म्हणतात. त्यांत पिढ्यान्‌पिढ्या ढिवर समाज मासेमारी करतो. कटला-रोहूचे बीज आणि बेशरमाची झाडी यांनी तलाव भरले, तसे स्थानिक बारीक मासे कमी होत गेले. तिथे काम करणारे मनीष राजनकर आणि त्यांच्या संस्थेने ढिवरांना, विशेषतः बायकांना, बरोबर घेऊन बेशरम उपटला, तलावातल्या स्थानिक पाणवनस्पती पुन्हा लावल्या, गावठी मासे पुन्हा सोडले. कोणत्या वनस्पतीच्या आडोशाला कोणता मासा अंडी घालतो, ही माहिती ढिवरांकडे होती. विद्यापीठांनी ती विचारायला थोडा उशीर केला, एवढेच.

कोल्हापुरालाही अशी माहिती नवी नाही. कर्नल सायक्स या इंग्रज अधिकाऱ्याने १८३९ साली दख्खनच्या माशांचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले, तेव्हा कितीतरी जातींना त्याने स्थानिक मासेमारांच्या तोंडची नावेच दिली. ती आजही प्राणिशास्त्राच्या यादीत आहेत. त्या यादीतले किती मासे आज कोल्हापूरच्या पंचगंगा नदीत सापडतात, हे मात्र मासेमारी करणाऱ्या भोयांना विचारावे लागेल. पाणी अडवण्याची जी पद्धत देशभर या शहराच्या नावाने ओळखली जाते, त्याच कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांपाशी, तेरवाडला आणि इतरत्र, मेलेल्या माशांचा खच पुन्हा पुन्हा दिसला आहे. शहराचे सांडपाणी, साखर कारखान्यांची मळी, इचलकरंजीच्या कापड प्रोसेसिंगचे पाणी, ही कारणे सगळ्यांना पाठ आहेत. बारीक मासा अख्खा खायचा असतो, म्हणून नदीत जे सोडले ते सगळे त्याच्या पोटातून आपल्या ताटात येणार. डोके आणि आतडी काढून टाकायची सोय इथे नाही. प्रदूषण नियंत्रण मंडळाचा अहवाल हा पोषणाचाही कागद आहे, तो असा.

तुमच्यातले काही जण स्पर्धा परीक्षा देऊन मत्स्यव्यवसाय अधिकारी होतील, काही बालविकास प्रकल्प अधिकारी, काही जिल्हा परिषदेत जातील. तलाव ठेक्याने देण्याच्या फायली तुमच्या टेबलावर येतील. मच्छीमार सहकारी संस्थेशी होणाऱ्या त्या करारात बोटुकली किती सोडायची, ठेक्याची रक्कम किती, हे असते. त्यात आणखी दोन ओळी घालता येतील : स्थानिक बारीक मासे मारायला तलावात कोणतेही विष घालायचे नाही, आणि गावातल्या बायकांना घरच्यापुरते बारीक मासे पकडायला आठवड्यातून ठरावीक दिवशी मुभा राहील. ठेकेदार संस्था कुरकुर करेल, कारण जाळ्यात बोटुकलीही येतात. त्यासाठी जाळ्याचा आस, म्हणजे भोक, केवढे असावे, विणीच्या पावसाळ्यात मुभा किती आठवडे बंद ठेवावी, हे प्राणिशास्त्र विभागातल्या एखाद्या पदव्युत्तर प्रबंधात ठरवून घ्या. रंकाळा आणि कळंबा हे तलाव हाकेच्या अंतरावर आहेत.